ॲड सर्व्हर आणि अकाउंट-बेस्ड मार्केटिंग : कोणत्या व्यवसायाला काय लागते

जाहिरातीचे सॉफ्टवेअर विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीसमोर जे तुलनात्मक तक्ते ठेवले जातात, त्यांत ॲड सर्व्हर आणि अकाउंट-बेस्ड मार्केटिंगच्या प्रणाली बऱ्याचदा एकाच ओळीत बसवलेल्या असतात, आणि दोन्हींत जाहिरात दाखवण्याची, प्रेक्षक निवडण्याची व अहवाल काढण्याची सोय असल्यामुळे त्या एकमेकींना पर्याय आहेत असा समज सहज होतो. हा समज महागात पडतो. ॲड सर्व्हर एका क्षणापुरत्या प्रश्नाचे उत्तर देतो: अमुक वाचकाने अमुक पान उघडले आहे, तेव्हा तिथल्या मोकळ्या चौकटीत हाती असलेल्या जाहिरातींपैकी कोणती दाखवावी आणि ती दाखवल्याची नोंद कशी ठेवावी. अकाउंट-बेस्ड मार्केटिंगचे सॉफ्टवेअर ज्या प्रश्नाला हात घालते तो महिनोन्‌महिने चालणारा असतो: आपला माल घेऊ शकतील अशा कंपन्या नेमक्या कोणत्या, त्यांतल्या कोणत्या सध्या खरेदीच्या विचारात आहेत, आणि विक्री विभागाने व जाहिरातीने मिळून त्यांच्यापर्यंत कसे पोचावे. पहिल्या प्रणालीत मोजले जाते ते जाहिरातीचे दर्शन आणि दुसरीत मोजली जाते ती ग्राहक-कंपनी. मोजण्याची वस्तूच वेगळी असल्यामुळे किंमत, अहवाल आणि यशापयशाची कसोटी हे सगळेच वेगळे होते.

वर्तमानपत्रातली जाहिरात एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींत एकच असते आणि छपाई झाल्यावर तिच्यात बदल करता येत नाही. वेबवरही आरंभी साधारण हीच रीत होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी आणि इतर काही कंपन्यांच्या बॅनर जाहिराती झळकल्या, त्या काळात जाहिरातीचे चित्र पानाच्या मांडणीतच हाताने बसवले जात असे. परंतु वेबपान प्रत्येक वाचकासाठी नव्याने मागवले जाते, म्हणजेच जाहिरातीची जागा अखेरच्या क्षणापर्यंत मोकळी ठेवता येते आणि ती कोणाला द्यायची हे पान उघडताना ठरवता येते, ही गोष्ट लवकरच या क्षेत्रातील लोकांच्या ध्यानात आली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या नेटग्रॅव्हिटी या कंपनीने संकेतस्थळांच्या मालकांना जाहिराती फिरवण्याचे व मोजण्याचे सॉफ्टवेअर विकायला सुरुवात केली, तर डबलक्लिकने अनेक संकेतस्थळांवरच्या जाहिराती आपल्या केंद्रीय सर्व्हरवरून पुरवण्याचा व्यवसाय उभा केला आणि १९९९ मध्ये नेटग्रॅव्हिटीच विकत घेतली.

ॲड सर्व्हरचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण त्याच्या मर्यादाही त्या कामातच दडलेल्या आहेत. नाशिकमधला एखादा वाचक मोबाइलवर मराठी दैनिकाचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा बातमीच्या मजकुराबरोबर त्याच्या ब्राउझरकडे संगणकीय संकेताचा एक छोटा तुकडा येतो, ज्याला टॅग म्हणतात. हा टॅग ॲड सर्व्हरला विचारणा पाठवतो आणि तिच्यात चौकटीचे नाव व आकार, पानाचा विभाग, उपकरणाचा प्रकार, इंटरनेट पत्त्यावरून लावलेला ठिकाणाचा अंदाज एवढी माहिती असते. सर्व्हर आपल्याकडे नोंदवलेल्या मागण्या चाळतो: कोणत्या जाहिरातीची मुदत आज चालू आहे, कोणती फक्त उत्तर महाराष्ट्रासाठी आहे, कोणती या वाचकाला दिवसात तीनदा दाखवून झाली आहे, आणि महिनाअखेर दहा लाख दर्शने देण्याचा करार असलेली कोणती जाहिरात ठरलेल्या वेगाच्या मागे पडली आहे. ठरावीक रकमेला पूर्ण जागा घेतलेल्या प्रायोजकाला अग्रक्रम मिळतो, त्याखालोखाल दर्शनांची हमी दिलेल्या जाहिराती येतात, उरलेली जागा लिलावात जाते आणि कोणीच न घेतल्यास दैनिक स्वतःच्याच वर्गणीची जाहिरात तिथे लावते. ‘रिअल-टाइम बिडिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा लिलाव प्रत्येक दर्शनासाठी स्वतंत्र होतो आणि बोली लावणाऱ्यांना त्यात साधारणपणे सेकंदाच्या एक दशांशाइतकाच अवधी मिळतो. वाचकाला यातले काहीही जाणवत नाही; त्याला पान उघडलेले दिसते, इतकेच.

मोठ्या जाहिरातदाराच्या बाबतीत या साखळीला आणखी एक कडी जोडलेली असते. प्रकाशकाचा सर्व्हर जे उत्तर पाठवतो त्यात जाहिरातीचे चित्र नसून जाहिरातदाराच्या एजन्सीने वापरलेल्या दुसऱ्या ॲड सर्व्हरचा टॅग असतो, ब्राउझर त्या दुसऱ्या सर्व्हरकडे जातो आणि चित्र तिथून येते. पैसे मोजणाऱ्याला विक्रेत्याच्या मापावर विसंबून राहावे लागू नये, हे या दुसऱ्या सर्व्हरचे खरे प्रयोजन आहे. दहा संकेतस्थळांवर चालणाऱ्या मोहिमेचा एकत्र हिशेब आणि एका व्यक्तीला सगळीकडे मिळून किती वेळा जाहिरात दिसली याचे नियंत्रण हे लाभ त्याच्या जोडीने येतात. मात्र दोन सर्व्हरांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पहिल्या सर्व्हरने नोंद केल्यानंतर आणि दुसऱ्याकडे विचारणा पोचण्याआधी वाचक पान सोडून जातो, कुठे नेटवर्क मध्येच तुटते, तर कुठे जाहिराती रोखणारे सॉफ्टवेअर फक्त दुसरी विचारणा अडवते. ही तफावत इतकी स्वाभाविक आहे की अमेरिकेतील जाहिरात संस्था व माध्यमे यांच्या प्रमाण करारनाम्यात दोन मोजण्यांतील फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला तरच ताळा घेण्याची तरतूद आहे. भारतातल्या एजन्सींच्या बिलांवरूनही महिनाअखेरीस असेच वाद होतात, आणि ज्या कंपनीने करारात कोणाचा आकडा प्रमाण धरायचा हे आधी लिहून घेतलेले नसते तिची बाजू त्या वादात कमकुवत असते.

शिवाय नोंदलेले दर्शन म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली जाहिरात असेही नाही. अमेरिकेच्या मीडिया रेटिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या बॅनरचे निदान ५० टक्के क्षेत्र सलग एक सेकंद पडद्यावर दिसले तर ते ‘दिसण्याजोगे’ दर्शन मानले जाते, आणि व्हिडिओसाठी हा अवधी दोन सेकंद आहे. हा निकष किती किमान पातळीवरचा आहे हे उघड आहे. तरीही तो येण्यापूर्वी पानाच्या तळाशी, जिथवर वाचक कधी पोचतच नाही, तिथे चढवलेल्या जाहिरातींचेही पूर्ण पैसे वसूल होत होते, हे लक्षात घेता ती मोठीच सुधारणा म्हणावी लागते.

मापाचे हे यंत्र कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आता केवळ तांत्रिक राहिलेला नाही. गूगलने २००७ मध्ये डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २००८ च्या मार्चमध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. आज तीच प्रणाली प्रकाशकांसाठी ‘गूगल ॲड मॅनेजर’ आणि जाहिरातदारांसाठी ‘कॅम्पेन मॅनेजर’ या नावांनी चालते. मायक्रोसॉफ्टने त्याच २००७ मध्ये ‘ॲटलस’ हा ॲड सर्व्हर असलेली ॲक्वॉन्टिव्ह ही कंपनी सहा अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली, २०१२ मध्ये त्यातली जवळजवळ सगळी रक्कम बुडीत दाखवली आणि पुढच्या वर्षी ॲटलस फेसबुकला विकून टाकले. अशा रीतीने जागा विकणारा, लिलाव चालवणारा आणि मोजणी करणारा अनेक ठिकाणी एकच झाला. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी, प्रकाशकांच्या ॲड सर्व्हरच्या आणि जाहिरात-लिलावाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाने याच क्षेत्रातील वर्तनाबद्दल गूगलला सुमारे २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. ॲड सर्व्हर निवडणाऱ्या प्रकाशकाने किंवा जाहिरातदाराने या निकालांकडे लांबच्या देशातली बातमी म्हणून पाहू नये, कारण जी प्रणाली त्याच्या उत्पन्नाचा हिशेब ठेवते तिचाच तो व्यवहार आहे.

या तंत्राचा बराचसा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे, ही बाब मराठी वाचकांच्या फारशी ध्यानात आलेली नाही. संकेतस्थळांची जागा एकाच वेळी अनेक बोलीदारांपुढे मांडून तिला चांगला भाव मिळवून देणारी ‘पबमॅटिक’ ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. तिच्या अभियांत्रिकीचे मोठे केंद्र पुण्यात आहे. पानावरील मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती लावणारी दिव्यांक तुराखिया यांची ‘मीडिया डॉट नेट’ मुंबईतील मनुष्यबळावर वाढली आणि २०१६ मध्ये ती सुमारे ९० कोटी डॉलरना एका चिनी गटाने घेतली.

ॲड सर्व्हर वाचकाला ओळखतो तो प्रामुख्याने कुकीच्या आधारे, म्हणजे ब्राउझरमध्ये जपून ठेवलेल्या एका लहानशा खुणेच्या आधारे. १९९४ मध्ये नेटस्केपमधील लू माँटुली यांनी ही सोय संकेतस्थळाला आपल्याच पाहुण्याची आठवण राहावी म्हणून तयार केली होती. पुढे तिचा उपयोग बाहेरच्या कंपन्यांनी त्याच पाहुण्याचा वेगवेगळ्या संकेतस्थळांवर माग काढण्यासाठी केला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून अशा तृतीयपक्षीय कुकी पूर्णपणे बंद केल्या. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जाहीर केले, मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. परिणामी एकच जाहिरात मोहीम आयफोनवर जवळपास आंधळी आणि क्रोमवर डोळस अशा अवस्थेत चालते, आणि अहवालात मात्र दोन्हींची बेरीज एकाच स्तंभात येते. ॲड सर्व्हरच्या अहवालावर निर्णय घेणाऱ्याने ब्राउझरनिहाय आकडे वेगळे मागवले पाहिजेत. ही साधी खबरदारी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

अकाउंट-बेस्ड मार्केटिंग, ज्याला व्यवसायात सर्रास ‘एबीएम’ म्हणतात, ते मुळात सॉफ्टवेअर नव्हते. विक्रीच्या भाषेत अकाउंट म्हणजे एक ग्राहक-संस्था, आणि माहिती-तंत्रज्ञान सेवा विकणाऱ्या कंपन्यांच्या विपणनावर काम करणाऱ्या आयटीएसएमए या अमेरिकी संघटनेने २००३-०४ च्या सुमारास ही पद्धत या नावाने मांडली तेव्हा तिचा आशय असा होता की मोजक्या मोठ्या ग्राहकांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र बाजारपेठ मानावे आणि त्याच्यासाठी विक्री व विपणन यांनी एकत्र बसून योजना आखावी. या सेवाव्यवसायाची रचनाच तशी आहे. मुंबईत मुख्यालय असलेली टीसीएस आपल्या निकालांबरोबर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक व्यवसाय देणाऱ्या ग्राहकांची संख्या स्वतंत्रपणे जाहीर करते, यावरून तिथे ग्राहक-संस्था हेच विचाराचे एकक असल्याचे दिसते. अशा व्यवसायात दहा लाख लोकांना बॅनर दाखवून काय पदरात पडणार, हा प्रश्न त्या पद्धतीच्या मुळाशी होता आणि तो आजही तितकाच रास्त आहे.

संस्था खरेदी करते तेव्हा निर्णय एका माणसाचा नसतो. गार्टनर या सल्लागार संस्थेच्या पाहणीनुसार गुंतागुंतीच्या औद्योगिक खरेदीत साधारण ६ ते १० जणांचा सहभाग असतो. समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एक उद्योग मोटारींच्या सुट्या भागांच्या तपासणीची यंत्रे बनवतो आणि एका यंत्राची किंमत ४० लाख रुपये आहे. ग्राहक-कारखान्यात त्या यंत्राची गरज गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला जाणवते, पण ते कुठे बसवायचे हे उत्पादन प्रमुख सांगतो, सुटे भाग वेळेवर मिळतील का याची काळजी देखभाल अभियंत्याला असते, खरेदी अधिकारी तीन कोटेशन मागतो, वित्त विभाग घसारा आणि परतफेडीचा काळ विचारतो आणि अंतिम सही संचालकाची असते. यांपैकी प्रत्येकाला वेगळी माहिती हवी असते, आणि एकाचेही समाधान झाले नाही तर प्रस्ताव पुढच्या आर्थिक वर्षात ढकलला जातो. एबीएमची सारी धडपड ही माणसे एका संस्थेची आहेत हे ओळखून प्रत्येकापर्यंत त्याच्या उपयोगाची गोष्ट पोचवण्याची असते.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या पद्धतीभोवती सॉफ्टवेअर उभे राहू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या डिमांडबेसने संकेतस्थळावर आलेला पाहुणा कोणत्या कंपनीतला आहे हे ओळखण्यापासून सुरुवात करून पुढे जाहिरात खरेदीपर्यंत मजल मारली. २०१३ मध्ये सिक्ससेन्स आणि २०१४ मध्ये अटलांटा शहरात टर्मिनस या कंपन्या निघाल्या. टर्मिनसचे एक सहसंस्थापक संग्राम वज्रे यांचे २०१६ मधील पुस्तक या विषयाच्या प्रसाराला बरेच कारणीभूत ठरले. या प्रणालींची कामे साधारण सारखीच असतात. कंपनीच्या सीआरएममधील, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरमधील, जुन्या यशस्वी व्यवहारांवरून आदर्श ग्राहकाचे वर्णन तयार होते. उद्योग, मनुष्यबळ, उलाढाल, ठिकाण आणि वापरात असलेली तंत्रज्ञाने यांच्या आधारे तशा कंपन्यांची यादी निघते. आणि मग त्या यादीतली कोणती कंपनी खरेदीच्या वाटेवर आहे याचा अंदाज बांधला जातो. या अंदाजासाठी ‘इंटेंट डेटा’ वापरतात: बॉम्बोरासारख्या कंपन्या व्यावसायिक विषयांच्या अनेक संकेतस्थळांकडून वाचनाच्या नोंदी एकत्र करतात आणि अमुक कंपनीतून अमुक विषयाचे वाचन नेहमीपेक्षा अचानक वाढले आहे अशी सूचना विकतात. त्यानंतर निवडलेल्या कंपन्यांतील लोकांना लिंक्डइनवर किंवा इतर संकेतस्थळांवर जाहिरात दाखवणे, संकेतस्थळाचे पहिले पान त्या उद्योगाला साजेसे बदलणे आणि विक्री अधिकाऱ्याला आज कोणाला फोन करावा हे सुचवणे, अशी पुढची कामे प्रणाली करते.

इथेच दोन्ही प्रणालींचा खरा संबंध स्पष्ट होतो. एबीएमच्या व्यासपीठातून जाहिरात निघाली तरी ती दैनिकाच्या किंवा व्यापारी नियतकालिकाच्या पानावर पोचते ती त्याच लिलावातून, त्याच टॅगमधून आणि कोणत्या तरी ॲड सर्व्हरच्या नोंदीतून. ॲड सर्व्हरला मात्र ग्राहक-कंपनी ही कल्पनाच ठाऊक नसते; त्याच्या लेखी गुणवत्ता प्रमुख आणि देखभाल अभियंता हे दोन असंबद्ध ब्राउझर असतात. एबीएम ही निवडीची पायरी आहे आणि ॲड सर्व्हर ही पोचवण्याची व मोजण्याची, म्हणून ज्या तक्त्यात दोघांना गुण देऊन वरखाली लावलेले असते तो तक्ता खरेदीदाराच्या उपयोगाचा नसतो.

भोसरीच्या त्याच उद्योगाचा हिशेब पुढे नेला तर हे आकड्यांत दिसते. त्याच्या यादीत १०० ग्राहक-कारखाने आहेत आणि प्रत्येकी ८ माणसे गाठायची आहेत असे धरले तर एकूण माणसे ८०० होतात. प्रत्येकाला महिन्यात १० वेळा जाहिरात दाखवायची म्हटले तरी दर्शने ८,००० च होतात. हजार दर्शनांचा दर ५०० रुपये धरला तर जाहिरातीचा महिन्याचा खर्च ४,००० रुपये होतो, आणि लिंक्डइनचा महागडा दर गृहीत धरून तो अनेक पटींनी वाढवला तरी ४० लाखांच्या एका यंत्रापुढे किरकोळच राहतो. अशा ठिकाणी दर हजारी दर कमी करण्यासाठी ॲड सर्व्हरच्या सोयी तपासत बसण्यात अर्थ नाही. क्लिकच्या प्रमाणावरून मोहिमेची पारख करण्यातही अर्थ नाही, कारण हजारात एक क्लिक धरली तरी महिन्याला ८ क्लिक मिळतात, त्यांतली एखाददुसरी चुकून झालेली असते आणि उरलेल्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तिथे मोजायचे ते हे की १०० पैकी किती कारखान्यांतून दोनपेक्षा अधिक माणसांनी संपर्क केला, किती ठिकाणी यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि किती प्रस्ताव कोटेशनच्या टप्प्यावर गेले. याउलट मसाले, तयार कपडे किंवा गृहकर्ज विकणाऱ्या कंपनीच्या लाखो दर्शनांत दर हजारी दरात झालेली थोडी घटही वर्षाकाठी मोठी रक्कम वाचवते, आणि तिला ग्राहक-कंपन्यांच्या यादीचा काहीच उपयोग नसतो.

एबीएम सॉफ्टवेअरचे दुबळे अंग म्हणजे कंपनी ओळखण्याची त्याची रीत. इंटरनेट पत्त्यांचा एखादा संच एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदलेला असेल तर त्या संचातून आलेला पाहुणा त्या कंपनीचा मानला जातो, आणि अमेरिकेतील मोठ्या कार्यालयांपुरता हा तर्क बराचसा चालतो. २०२० मध्ये कोविडमुळे कर्मचारी घरून काम करू लागले तेव्हा तिथेही तो ढिला पडला. भारतातील मध्यम कारखाना स्थानिक केबलचालकाची किंवा एखाद्या दूरसंचार कंपनीची सर्वसाधारण जोडणी वापरतो, त्यामुळे प्रणालीला पाहुणा कारखान्याचा दिसत नाही, जोडणी पुरवणाऱ्याचा दिसतो. मोबाइल जाळ्यावर तर एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. खरेदीच्या इराद्याच्या सूचनांबाबतही सावध राहावे लागते: एखाद्या विषयाचे वाचन वाढले ते प्रशिक्षणार्थींमुळे, प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीमुळे की खरोखर मागणीमुळे, हे सूचना सांगत नाही. इंग्रजी संकेतस्थळांवर आधारलेल्या या नोंदींत चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या कौटुंबिक फाउंड्रीचे वाचन उमटण्याची शक्यता कमीच, कारण तिथला मालक नव्या भट्टीची माहिती प्रदर्शनात, पुरवठादाराकडून किंवा शेजारच्या कारखानदाराकडून घेतो. परदेशी ग्राहकांना सेवा विकणाऱ्या पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला जी प्रणाली उत्तम कामाला येईल, ती देशांतर्गत विक्री करणाऱ्या शेजारच्याच यंत्र-उद्योगाला निरुपयोगी ठरू शकते, आणि किंमत मात्र दोघांना सारखीच सांगितली जाते.

त्याहूनही जुने दुखणे कंपनीच्या स्वतःच्या नोंदवहीत असते. एकच समूह ‘प्रायव्हेट लिमिटेड’सह, त्याविना, आद्याक्षरांनी आणि कारखान्याच्या गावाच्या नावाने असा चार ठिकाणी चार नावांनी नोंदलेला असतो, आणि अशा यादीवर कितीही महाग सॉफ्टवेअर बसवले तरी ते एकाच ग्राहकाला चार अनोळखी ग्राहक समजते. भारतात यावर एक सोपा उपाय हाताशी आहे. जीएसटी नोंदणी क्रमांकाच्या १५ स्थानांपैकी पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राची २७ आणि गुजरातची २४, तर पुढची १० स्थाने म्हणजे त्या कंपनीचा पॅन असतो. बिलांवरच्या क्रमांकांतून ही मधली १० अक्षरे वेगळी काढून त्यांवरून नोंदी लावल्या की तळेगावचा आणि साणंदचा कारखाना एकाच कंपनीचे आहेत हे दुपारभरात उघड होते. समूहातील वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅन वेगळे असतात, त्यामुळे तेवढी जुळणी हाताने करावी लागते. पण एबीएमचा निम्मा पाया या कामाने घातला जातो आणि त्यासाठी साध्या तक्त्याखेरीज कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

खर्चाची रचनाही दोन्हीकडे भिन्न आहे. ॲड सर्व्हरचे मूल्य बहुधा दर्शनांच्या संख्येवर आकारले जाते. लहान प्रकाशकांना गूगल ॲड मॅनेजर एका मर्यादेपर्यंत विनामूल्य मिळतो आणि स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची तयारी असल्यास ‘रिव्हाइव्ह’ ही मुक्त स्रोत प्रणालीही उपलब्ध आहे. एबीएमची व्यासपीठे वार्षिक करारावर, कंपन्यांची संख्या, वापरकर्ते आणि घेतलेले विभाग पाहून विकली जातात, आणि जाहिरातीचा खर्च त्याखेरीज असतो. म्हणून मराठी दैनिक, वृत्तवाहिनीचे संकेतस्थळ किंवा स्वतःची जागा विकणारा कोणताही प्रकाशक यांना ॲड सर्व्हर लागतोच. अनेक संकेतस्थळांवर एकाच वेळी मोहिमा चालवणाऱ्या मोठ्या जाहिरातदाराला तटस्थ मोजणीसाठी तो घ्यावा लागतो. केवळ गूगल आणि मेटावर जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला वा लघुउद्योगाला वेगळ्या ॲड सर्व्हरची गरज नाही, कारण वितरण आणि मोजणी ही कामे ते मंच स्वतःच करतात. एबीएमचे सॉफ्टवेअर सार्थ ठरते ते ग्राहक-कंपन्या शेकड्यांत किंवा काही हजारांत आहेत, व्यवहार मोठा आहे, निर्णयाला महिने लागतात आणि विक्री विभाग सीआरएममध्ये नोंदी खरोखर भरतो अशा ठिकाणी. ग्राहक वीस-पंचवीसच असतील तर त्यांच्याकडे जाऊन येणाऱ्या विक्री अभियंत्याला जेवढे ठाऊक असते तेवढे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही.

दोन्ही प्रणालींना आता भारतीय कायद्याचेही भान ठेवावे लागेल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती ठरते, त्यामुळे खरेदी अधिकाऱ्याचा कार्यालयीन ईमेल पत्ता तो कंपनीचा आहे एवढ्या कारणाने मोकळा सुटत नाही. १८ वर्षांखालील मुलांचा वर्तनावरून माग ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवण्यास हा कायदा मनाई करतो. आणि माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. विक्रेत्याने दिलेली संपर्क-यादी कोणत्या आधारावर गोळा केली हे लेखी मागणे त्यामुळे खरेदीदाराच्याच हिताचे आहे.

एबीएमच्या सॉफ्टवेअरचा करार करण्यापूर्वी कंपनीने विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावर न थांबता आपल्याच माहितीवर त्याची परीक्षा घ्यावी. गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी व्यवहार झाला आणि जे व्यवहाराआधी आपल्या संकेतस्थळावर येऊन गेल्याचे विक्री विभागाला खात्रीने माहीत आहे, अशा ५० ग्राहकांची यादी बाजूला ठेवावी, विक्रेत्याला ती न दाखवता त्याच काळातील संकेतस्थळाच्या नोंदींवर त्याची प्रणाली चालवायला सांगावी, आणि त्या ५० पैकी किती कंपन्या तिने ओळखल्या ते मोजावे. निम्म्याही ओळखता आल्या नाहीत, तर त्या वर्षी तो करार करू नये आणि ती रक्कम विक्री अभियंत्यांच्या प्रवासावर व सीआरएमच्या साफसफाईवर खर्च करावी.